किल्ली कुणाकडे आहे? फोनवरचं बोलणं खाजगी ठेवण्याची सविस्तर पद्धत

व्हॉट्सॲपवर कुणाशी नव्यानं बोलायला लागलं की वर एक छोटी सूचना दिसते: संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधे कुणालाही, कंपनीलाही, ते वाचता-ऐकता येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये ही सोय सगळ्या वापरकर्त्यांना लागू झाली. ती सूचना आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. या लेखात तिच्या आत शिरायचं आहे. आधी कागद-पेन घेऊन हे कुलूप लागतं कसं ते स्वतः करून पाहू, मग फोन आणि कागदपत्रं नीट लावू, आणि शेवटी सरकार ‘आम्हालाही आत पाहू द्या’ म्हणतं तेव्हा नेमकं काय मागत असतं ते तपासू.

एन्क्रिप्शनचं गणित फार भक्कम आहे. ते फोडून कुणी आपले संदेश वाचेल याची काळजी सामान्य माणसानं करू नये. गळती होते ती दोन्ही टोकांना: बॅकअपमध्ये, लिंक करून विसरलेल्या लॅपटॉपवर, झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेल्या आधार कार्डात. म्हणून प्रत्येक पायरीवर दोनच गोष्टी विचारायच्या. किल्ली कुणाकुणाकडे आहे? आणि उघडी प्रत कुठेकुठे पडून आहे?

आधी ठरवा: कुणापासून

‘सगळ्यांपासून सगळं लपवायचं’ असं ठरवलं तर आठवड्याभरात कंटाळा येतो आणि सगळं पूर्ववत होतं. त्यामुळे एका कागदावर लिहून काढा: माझ्याकडे जपण्यासारखं काय आहे आणि ते कुणाच्या हाती पडू नये.

घटस्फोटाचा सल्ला घेणारी आणि अजून सासरीच राहणारी बाई घ्या. तिला धोका घरातच आहे. तिचा फोन कोण हाताळतो, तिचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडं आहे का, वकिलाचं नाव लॉक स्क्रीनवर झळकतं का, हे तिचे प्रश्न. निवृत्त शिक्षकाला धोका भामट्यांचा. पत्रकाराला आपल्याला माहिती देणारा माणूस उघडा पडण्याचा. तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि सगळ्यांनी सगळं करायची गरज नाही.

कागदावर करून पाहा

नाशिकला आई आहे आणि डब्लिनला मुलगी. दोघींना एक गुप्त आकडा, म्हणजे संदेश बंद करायची आणि उघडायची किल्ली, ठरवायचा आहे, पण बोलणं होणार सगळ्यांच्या देखत. अशी किल्ली ठरवता येते हे अमेरिकन संशोधक व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जाहीरपणे मांडलं. त्याआधी किल्ली माणसाच्या हाती पोचवावी लागे, आणि दूतावास, सैन्य, बँका यांनाच ते परवडे. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांना हीच वाट काही वर्षं आधी सापडली होती, पण ती १९९७ पर्यंत दडवून ठेवली गेली.

आता पेन घ्या. दोन आकडे सगळ्यांना सांगून टाका: १७ आणि ३. नियम असा: ३ नं गुणत जायचं, आणि उत्तर १७ च्या वर गेलं की १७ नं भागून फक्त बाकी ठेवायची.

आई मनात ६ धरते. ती कुणाला सांगत नाही. ३ पासून सुरू करून सहाव्या पायरीपर्यंत जाते: ३, ९, २७ ची बाकी १०, ३० ची १३, ३९ ची ५, आणि मग १५. ती मुलीला १५ कळवते.

मुलगी मनात ७ धरते. तिला आणखी एक पायरी चढायची: १५ ला ३ नं गुणून ४५, बाकी ११. ती आईला ११ कळवते.

आता आई मुलीकडून आलेला ११ घेते आणि ३ ऐवजी ११ नंच गुणत आपल्या ६ पायऱ्या चढते: ११, १२१ ची बाकी २, २२ ची ५, ५५ ची ४, ४४ ची १०, ११० ची ८. मुलगी आईकडून आलेला १५ घेऊन १५ नं गुणत आपल्या ७ पायऱ्या चढते: १५, २२५ ची ४, ६० ची ९, १३५ ची १६, २४० ची २, ३० ची १३, १९५ ची ८.

दोघींकडे ८ आला. हा आठ कुणीच कुणाला पाठवलेला नाही. ऐकणाऱ्यानं फक्त १७, ३, १५ आणि ११ ऐकले. दोघींना एकच उत्तर मिळतं कारण ३ चा आधी सहावा घात घेऊन मग सातवा घेतला काय किंवा उलट केलं काय, शेवटी ३ चा बेचाळिसावाच घात होतो.

१७ सारखा लहान आकडा असेल तर ऐकणारा सगळे पर्याय तपासून पाच मिनिटांत उत्तर काढेल. खऱ्या फोनवर बाकीऐवजी एका विशिष्ट वक्ररेषेवरचे बिंदू वापरतात, आणि मनात धरायचा आकडा पंचाहत्तर अंकांच्या आसपासचा असतो. इतके पर्याय जगातले सगळे संगणक मिळूनही तपासू शकत नाहीत. व्हॉट्सॲप यासाठी सिग्नल प्रोटोकॉल नावाची पद्धत वापरतं. त्यात अशी देवाणघेवाण पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक संदेशाची किल्ली वेगळी निघते. एखादी किल्ली कुणाच्या हाती लागली तरी आधीचे संदेश उघडत नाहीत.

ही पद्धत मी तुम्हाला सगळी सांगितली, तरी तिचं काही बिघडलं नाही. इथेच तिची खरी ताकद आहे. लहानपणीची ‘च’ची भाषा आठवा. ‘मला पाणी दे’ चं ‘चलाम चाणीप चेद’ व्हायचं. ज्याला रीत ठाऊक नाही त्याला ते कोडं, आणि एकदा रीत कळली की कुणालाही सगळंच कळतं, कारण तिथे रीत हेच गुपित आहे. डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच बजावलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. त्यामुळे ‘आमची एन्क्रिप्शनची पद्धत गुप्त आहे’ अशी जाहिरात करणारं ॲप दिसलं की ते फोनवर घेऊ नका.

मधला माणूस आणि साठ अंक

वरच्या खेळात एक भोक आहे. आई आणि मुलगी यांच्या मध्ये तिसरा कुणी बसला आणि तो निव्वळ ऐकण्याऐवजी आकडे बदलू लागला तर? आईला तो आपला आकडा मुलीचा म्हणून देईल, मुलीला आपला आकडा आईचा म्हणून देईल. दोघींशी त्याची वेगवेगळी किल्ली जुळेल. आईचा संदेश तो उघडेल, वाचेल, पुन्हा बंद करून मुलीला पाठवेल. दोघींच्या फोनवर ‘एन्क्रिप्टेड’ असंच दिसत राहील.

यावरचा उपाय तुमच्या फोनमध्ये आहे, आणि या लेखातून एकच काम करणार असाल तर हे करा. ज्याच्याशी चॅट आहे त्याच्या नावावर वर टॅप करा, खाली ‘एन्क्रिप्शन’ असं लिहिलेलं उघडा. एक क्यूआर कोड आणि त्याखाली पाच-पाचच्या बारा गटांत साठ अंक दिसतील. हे अंक दोघांच्या किल्ल्यांपासून बनलेले असतात. मधे कुणी बसला असेल तर दोन्ही फोनवरचे अंक जुळणार नाहीत. समोरासमोर असाल तर एकमेकांचा कोड स्कॅन करा. लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर, चेहरा दिसत असताना, एक गट तुम्ही वाचा, पुढचा त्यांना वाचायला सांगा. सिग्नल या दुसऱ्या संदेश ॲपवर यालाच सेफ्टी नंबर म्हणतात. व्हॉट्सॲप २०२३ पासून किल्लीची काही पडताळणी आपोआपही करतं, पण जिथे गोष्ट महत्त्वाची आहे तिथे स्वतः जुळवून घ्यावं असं माझं मत आहे. दोनशे जणांशी जुळवायची गरज नाही. पैशाचं, कोर्टाचं, आजाराचं ज्यांच्याशी बोलता त्या चार-पाच जणांशी जुळवा.

मग सेटिंग्ज, अकाउंट, सिक्युरिटी नोटिफिकेशन्स इथे जाऊन ते चालू करा. आता समोरच्याची किल्ली बदलली की चॅटमध्ये ओळ येईल. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्यानं नवा फोन घेतला किंवा ॲप पुन्हा टाकलं. तरी एक फोन करून विचारा. किल्ली बदलल्या दिवशीच जर तो माणूस ‘जरा पन्नास हजार पाठव, अडचण आहे’ असं लिहित असेल, तर आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

कुलूप ओळख सांगत नाही

भामट्याचा व्हिडिओ कॉलही पूर्ण एन्क्रिप्टेड असतो. खाकी गणवेश, मागे शिक्का लावलेली भिंत, ‘तुमच्या नावानं पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॉल बंद करायचा नाही, दार लावून बसा’. याला ते डिजिटल अटक म्हणतात. आपल्या कायद्यात अशी कुठलीही अटक नाही. कुलूप फक्त तिसऱ्याला बाहेर ठेवतं. आत तुमच्यासोबत कोण बसलंय ते सांगत नाही. हा फरक घरातल्या ज्येष्ठांना शांतपणे, दोन-तीनदा समजावून सांगा.

यासाठी घरात एक शब्द ठरवा. सगळे जेवायला बसलेले असताना ठरवा, आणि तो कधीही टाइप करू नका. आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते, म्हणून परदेशातल्या मुलाचा रडवेला फोन आला तरी आधी शब्द विचारायचा. शब्द आला नाही तर कॉल कापायचा आणि आपल्याकडे साठवलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी बँकेला गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

प्रती कुठे पडल्या आहेत

बॅकअपपासून सुरुवात करा. फोनमधून फोनमध्ये जाताना संदेश बंद असतो, पण रात्री तो गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो तेव्हा ती वेगळी प्रत असते. या प्रतीला एंड-टू-एंड कुलूप लावायची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड ठेवा किंवा चौसष्ट अक्षरांची किल्ली घ्या. काही फोनवर पासकीचाही (बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं उघडणाऱ्या किल्लीचा) पर्याय दिसेल. किल्ली घेतली तर ती कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. ती हरवली तर बॅकअप कायमचा गेला, कंपनीही उघडून देऊ शकत नाही. आणि तुमच्याच गप्पांची दुसरी प्रत समोरच्याच्या बॅकअपमध्ये आहे, म्हणून त्यालाही हे करायला सांगा.

मग लिंक्ड डिव्हाइसेस. तीन टिंबांवर टॅप केलं की दिसतं. ऑफिसमधला जुना संगणक, मित्राचा लॅपटॉप, काहीही अनोळखी दिसलं की लॉग आउट करा. ज्या बाईचा उल्लेख वर केला तिनं हे रोज पाहावं, कारण तिचा फोन दोन मिनिटं दुसऱ्याच्या हाती असला की तेवढ्यात दुसरं यंत्र जोडता येतं, आणि मग ओळीन् ओळ तिकडे दिसत राहते. कुणी फोनवर आठ अक्षरांचा कोड सांगून ‘हा टाका म्हणजे केवायसी होईल’ म्हणालं, तर तो यंत्र जोडण्याचाच कोड असू शकतो. टाकू नका.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. मग ओटीपी कुणी काढून घेतला तरी तुमच्या नंबरवर त्याला खातं उघडता येत नाही. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसू देऊ नका. नाजूक चॅटवर डिसअपिअरिंग मेसेजेस लावा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय असतात. एवढं लक्षात असू द्या की समोरच्यानं स्क्रीनशॉट घेतला तर ती प्रत राहणारच.

टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथलं साधं चॅट एंड-टू-एंड नसतं, ग्रुप तर नाहीच. फक्त ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम उघडलं तरच असतं. साधा एसएमएस अजिबात नसतो.

पासवर्ड: फासे टाका

ई-आधारची पीडीएफ उतरवली की ती पासवर्ड मागते. पासवर्डचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. आता तुमची फाइल ज्याच्या हाती पडली त्याला तुमचं नाव बहुतेक वेळा ठाऊकच असतं. उरलं जन्मवर्ष. शंभर पर्याय. हातानंही दुपारभरात होईल, संगणकाला तर डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागणार नाही. त्या फाइलीचं एन्क्रिप्शन कितीही उत्तम असलं तरी किल्ली शंभरांतली एक आहे. मुलाचं नाव, @ आणि १२३, गाडीचा नंबर, कुलदैवत, अभंगाची पहिली ओळ, या सगळ्यांची हीच गत. माणसाला आठवतं ते आधी तपासलं जातं.

म्हणून निवड फाशांवर सोडा. साध्या लुडोचे पाच फासे एकदम टाका. ६ चा पाचवा घात म्हणजे ७,७७६ शक्यता. तितक्या शब्दांच्या क्रमांक लावलेल्या याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात. आलेल्या पाच आकड्यांचा शब्द घ्या, सहा वेळा करा. सहा शब्दांच्या शक्यता २२ वर बावीस शून्यांइतक्या होतात. आवडलेला शब्द ठेवणं आणि नावडता टाकून पुन्हा फासे टाकणं, हे करू नका; तिथे पुन्हा तुमची सवय आत शिरते. असे सहा शब्द फक्त दोन-तीन ठिकाणी लागतात: पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात जपणारं ॲप), बॅकअप, मुख्य ईमेल. बाकीचे पासवर्ड मॅनेजरलाच बनवू द्या. बिटवॉर्डन आणि कीपास हे दोन्ही फुकट वापरता येतात आणि दोन्हींचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

कागदपत्रं पाठवताना

झेरॉक्सच्या दुकानात काय चालतं ते एकदा उभं राहून पाहा. भिंतीवर व्हॉट्सॲप नंबर चिकटवलेला. गिऱ्हाईक आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान त्या नंबरवर टाकतं. काउंटरवरच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं, डाउनलोडच्या फोल्डरात शेकडो लोकांची कागदपत्रं, आणि शेजारी उभा असलेला कुणीही पडद्याकडे बघतोय. एन्क्रिप्शन त्या दुकानाच्या दारापर्यंत चोख होतं. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो. त्याला फाइली पुसायला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिथे जायचंच असेल तर मास्क्ड आधार न्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ई-आधार उतरवताना तो पर्याय येतो, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. बहुतेक ठिकाणी ओळखीसाठी तो पुरतो. दुकानातून निघण्यापूर्वी फाइल संगणकावरून आणि रिसायकल बिनमधून पुसायला सांगा, संकोच करू नका. तुमच्याकडून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केल्यानं त्यानं आधीच उतरवलेली प्रत जात नाही.

सीए, वकील, एजंट यांना जास्त कागद पाठवायचे असतील तर सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाइली निवडून ‘ॲड टू आर्काइव्ह’, प्रकार सेव्हन-झेड, पद्धत एईएस-२५६, ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ वर खूण, आणि फाशांतून आलेले शब्द पासवर्ड म्हणून. फाइल ईमेलनं पाठवा आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगा. फाइल आणि पासवर्ड एकाच ईमेलमध्ये गेले तर कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं होतं.

मजकूर झाकला, वेळ उघडी

कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळा, कुठून, हे एन्क्रिप्शननं लपत नाही. रात्री दोनला कर्करोगतज्ज्ञाला फोन, मग विमा कंपनीला, मग भावाला. मजकूर न ऐकताही सगळं कळतं. या बाबतीत ॲपांमध्ये मोठा फरक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीनं (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं) सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. खातं त्यातल्या एकाचंच होतं. कंपनीला देता आल्या त्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी जमवलंच नव्हतं. माहिती देणाऱ्या माणसाचा जीव किंवा नोकरी ज्याच्यावर अवलंबून आहे त्यानं सिग्नल वापरावं, त्यात फोन नंबर झाकून युजरनेम ठेवावं. बाकीच्यांना व्हॉट्सॲप नीट लावलेलं पुरेसं आहे.

आणि फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल तर कुठलंच ॲप उपयोगाचं नाही. पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडलं गेलं, असं व्हॉट्सॲपनं एनएसओ या इस्रायली कंपनीविरुद्धच्या दाव्यात म्हटलं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. अशा हल्ल्यानं एन्क्रिप्शन तोडलं जात नाही, पडद्यावर तुम्ही जे वाचता तेच वाचलं जातं. सामान्य माणसासाठी उपाय साधा आहे: अपडेट आलं की त्याच दिवशी घ्या, आणि प्ले स्टोअरबाहेरून आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल, लग्नपत्रिकेच्या नावानं आलेली असली तरी, उघडू नका. ज्यांना खरोखर धोका आहे त्यांनी आयफोनवर लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा बंद करणारी कडक सेटिंग) चालू ठेवावा.

सुरक्षेसाठी दार उघडायचं का

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात पसरली होती. एन्क्रिप्शनच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवूनच बोललं पाहिजे. पोलीस म्हणतात, पहिला संदेश कुणी पाठवला ते आम्हाला कळायला हवं. ही मागणी उगाच नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ती लेखी आली: ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या संदेश सेवेनं न्यायालयाच्या किंवा कायद्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशावर मूळ पाठवणाऱ्याची ओळख द्यावी. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्हाला इथून जावं लागेल.

मी या नियमाच्या विरोधात आहे. कुठला संदेश उद्या गुन्ह्याचा ठरेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर आजच खूण करून ठेवावी लागेल. म्हणजे दोषी एक, आणि नोंद सगळ्यांची. शिवाय ती खूण टिकाऊ नाही. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे मूळ पाठवणाऱ्याची माहिती संदेशासोबत जोडण्याची सूचना मांडली. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी तिच्यातल्या त्रुटी दाखवल्या. ॲपमध्ये फेरफार करणारा गुन्हेगार खूण खोटी करू शकतो, आणि भोळेपणानं मजकूर टाइप करणारा अडकतो.

पोलिसांसाठी ठेवलेलं दार पोलिसांपुरतं राहत नाही, हेही दोनदा दिसलं आहे. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास व्होडाफोनच्या यंत्रणेतली कायदेशीर टॅपिंगसाठीची सोयच अज्ञातांनी ताब्यात घेतली आणि पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांच्यासह शंभरावर फोन ऐकले. २०२४ मध्ये सॉल्ट टायफून या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चिनी हॅकरांनी अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांच्या टॅपिंग यंत्रणेत शिरकाव केला, आणि अनेक वर्षं एन्क्रिप्शनवर नाराज असलेल्या तिथल्याच सरकारच्या अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड संदेश वापरायला सांगितलं.

राईनपाड्यानंतर खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं मर्यादित केलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केल्यावर असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं व्हॉट्सॲपनं सांगितलं. किती वेळा पुढे गेला हा आकडा संदेशासोबत कुलपातच जातो. कंपनीला मजकूर वाचावा लागत नाही. अफवेचा वेग कमी झाला आणि कुणाचंही बोलणं उघडं पडलं नाही. हिंसेची चिथावणी देणारा संदेश आला तर तुम्हीही तो ‘रिपोर्ट’ करू शकता. त्या चॅटमधले शेवटचे पाचपर्यंत संदेश तुमच्या फोनवरून कंपनीकडे जातात. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांना स्वतः दाखवणं तर कधीही शक्य आहे. पाठवणारा आणि घेणारा दोघांकडे किल्ली असतेच.

कायदा तुमच्या बाजूनं कुठे आहे

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क मानला. एन्क्रिप्शन वापरणं गुन्हा नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रानं एक मसुदा काढला होता, त्यात नागरिकांनी संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपावी असं होतं. टीका झाल्यावर तो काही दिवसांत मागे घेतला गेला. दुसरी बाजूही माहीत हवी. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उघडून देण्याचा आदेश निघू शकतो, तो सर्वसाधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा असतो, आणि मदत न केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. म्हणून कुणी तोंडी ‘फोन उघडून दाखवा’ म्हटलं तर आदेश लेखी मागा आणि वकिलाला फोन करा. अंगावर धावून जाऊ नका, आणि घाईघाईनं काही पुसूही नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो.

फोन जप्त झालाच तर इथेही हेच शास्त्र तुमच्या कामी येतं. हॅश म्हणजे कुठल्याही फाइलीचा किंवा आख्ख्या डिस्कचा गणितानं काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीनं तो चौसष्ट अक्षरांचा येतो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. घरी करून पाहायचं तर सेव्हन-झिप असलेल्या संगणकावर फाइलीवर उजवं बटण दाबून एसएचए-२५६ निवडा, ठसा लिहून घ्या, एक अक्षर बदलून पुन्हा काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवायची जागा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र क्रमांक), तो चालू होता की बंद, आणि त्याची प्रत काढली असेल तर तिचा हॅश लिहिला आहे का ते वाचा. प्रत नंतर काढणार असतील तर ती कधी काढली आणि तिचा हॅश काय आला हे तुम्हाला लेखी कळावं, असा अर्ज वकिलाकडून त्याच आठवड्यात द्या.